तिसरा रकाना

क्रुतिन्या नदीच्या वळणावर लुडोमिर होड्या भाड्याने देतो.
धक्क्याच्या खांबाला दोरीने बांधलेली एक वही,
वहीत दोन रकाने: खंड्या, टाचणी.
आधी झेनोबिया मोजायची.
तेव्हा त्याचं काम एवढंच, पेन्सिलीला टोक करून देणं.
ती गेल्यावर पेन्सिल त्याच्या हाती राहिली.

खंड्या सोपा, तो सांगायचा.
आधी शिटी येते, कात्रीने पत्रा कापावा तशी,
मग पाण्यालगत एक निळी रेघ,
पट्टी ठेवून ओढलेली,
आणि तुम्ही "कुठे?" म्हणेस्तोवर
रेघ वळणापलीकडे.

टाचणीला असली घाई नाही.
चारी पंखांवर शाईच्या बोटाचा ठसा घेऊन
ती (ती कसली, तो; ठसा नरालाच असतो)
लव्हाळ्यावरून उठते, उगाच फडफडते,
दोन घरं विचारून आलेल्या पोस्टमनसारखी
पुन्हा त्याच पातीवर येऊन बसते.

झेनोबिया म्हणायची, दोघांच्याही अंगात निळा रंग नाहीच.
पीस खलात कुटून बघा, तपकिरी भुकटी उरते.
निळं सगळं उजेडाचं, उसनं.
"उसनं असेना," ती म्हणायची,
"संध्याकाळी फेडतात ना रोजचं रोज."
आणि खंड्याच्या बिळाशी नाक धरून हसायची:
अंगावर एवढा शालू,
आणि घरात माशांच्या काट्यांचं अंथरूण!

इथल्या भाषेत खंड्याचं नाव आहे
हिवाळ्यात जन्मलेला.
कुणी म्हणतं, नाही, मूळ शब्द जमिनीत जन्मलेला, नंतर घासला गेला.
असेल.
हिवाळा तर त्याला मारतोच.
काठ गोठले की तो पश्चिमेकडे निघतो,
किंवा निघत नाही,
मग मार्चमध्ये धक्क्याखाली सापडतो,
मुठीत मावणारा,
मुठीला कळूही नये इतका हलका.

खरा हिवाळा काढते ती टाचणी.
एक नाही, दोन,
बर्फाखाली, मुळांच्या गुंत्यात,
बिनपंखांची, मातकट, कुणी चित्र काढणार नाही अशी.
मग उन्हाचे जेमतेम दोन आठवडे.
नाव एकाचं झालं, सोसलं दुसरीने.
लुडोमिरला यात काही नवल वाटत नाही.
होड्यांवरही नाव त्याचंच आहे,
रंग तिने दिलेला.

या जूनमध्ये त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले.
ओल्श्टिनच्या दवाखान्याने नोव्हेंबरची तारीख दिली.
निळं अजून दिसतं त्याला,
फक्त किती लांब ते कळत नाही.
हातभरावरची टाचणी
आणि पलीकडच्या काठावरचा खंड्या
एकाच मापाचे झालेत.
शिटी मदतीला आली असती,
पण तेवढे उंच सूर कानांनी केव्हाच सोडले.

म्हणून शेजारी कालिना, नात, नऊ वर्षांची,
पाण्यात पाय सोडून.
"आजोबा, ती टाचणी होती."
"आणि आत्ता गेला तो खंड्या?"
"ते वल्हं होतं. प्लास्टिकचं."

एका दुपारी मात्र ती बोलेना.
आल्डरच्या वाकलेल्या फांदीवर खंड्या येऊन बसला होता,
चोचीत आडवी टाचणी,
पंखावरचा ठसा अजून उघडझाप करणारा.
त्याने ती फांदीवर आपटली. एकदा. पुन्हा एकदा.
मान वर केली.

"काय होतं?" पेन्सिल वहीवर टेकवून लुडोमिर.
"दोन्ही," कालिना म्हणाली.
पाय पाण्याबाहेर घेतले.
"आता एक."

तो बराच वेळ तसाच.
वळणावरून दोन होड्या भांडत आल्या,
कुणीतरी बिस्किटं मागितली, कुणी सुट्टे पैसे.
मग त्याने वही गुडघ्यावर ओढली,
दोन रकान्यांच्या उजवीकडे तिसरी रेघ मारली,
वर लिहिलं: निळं.
खाली: एक.

रेघ वाकडी आली.
पट्टी कालिनाच्या दप्तरात होती,
तिने ती काढली नाही.